पावण्यांच्या हाती मामंजींची कंबर

माझ्या नणंदेच्या होणाऱ्या सासऱ्याला मी एकदा मामंजींच्या उघड्या कमरेपाशी नेऊन बसवलं आणि वर "सुया जरा लवकर टोचा, पावणं यायचेत" असं बजावून आले.

वेडेपणा माझाच, पण त्याला थोडा हातभार आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात सुनेनं परक्या पुरुषासमोर पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढायचा, हा त्यांचा कायदा. मी आजऱ्याहून नवी नवी आलेली. पदराखालून मला जग गुडघ्यापासून खाली तेवढं दिसायचं. त्यामुळे मी माणसं पायताणांवरून ओळखायला शिकले होते, आणि (इथंच सगळं चुकलं) त्याचा मला भारी गर्व झाला होता.

टीव्ही अजून आमच्या गल्लीत यायचा होता, तेव्हाची गोष्ट. मामंजींना सायटिकानं धरलं. कमरेतून निघालेली कळ पार टाचेपर्यंत जायची. तरुणपणी तालमीत भल्याभल्यांना चीत केलेला माणूस खाटेवर पालथा पडून आईच्या नावानं हाका मारत होता. लेप झाले, शेक झाले, एका तेलानं तर चादरीचा रंगच उडाला! आणि नेमकं तेव्हाच शालनवन्संना बघायला पेठ वडगावचे पाहुणे येणार होते. आधीची दोन स्थळं मोडली होती. हा मुलगा मात्र वन्संच्या मनात भरलेला (कॉलेजात पाहिला होता, हे फक्त मला माहीत). पोरीचा बापच बैठकीला बसला नाही तर पाहुणे काय समजतील, या काळजीनं वन्संचं जेवण सुटलं.

मग आमच्या ह्यांनी सुयांचे डॉक्टर शोधले. अ‍ॅक्युपंक्चर म्हणे! नागपूरकडचे, कलकत्त्याला शिकून नुकतेच कोल्हापुरात आलेले. बैठकीच्या दिवशीच सकाळी येऊन रोग्याला बसतं करतो म्हणाले (रोगी कोण, हे सांगायचं मात्र ह्यांच्याकडून राहून गेलं). डॉक्टर आले की काही न बोलता थेट आत ने, नाहीतर बाबा दार लावून घेतील, असं मला बजावून हे पेढे आणायला गेले.

दारात करकरीत काळे बूट आले. शेजारी कातडी बॅग टेकली. डॉक्टर! आमच्या पेठेत बूट दुसरं कोण घालणार? बुटांनी काहीतरी बोलायला सुरुवात केली, पण मी ऐकते कुठली! तडक आत नेलं, स्टुलावर बसवलं, घाई करायला सांगितलं आणि दाराआड उभी राहिले.

मामंजी पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालून पालथे, तोंड उशीत.

"टोचा," ते म्हणाले. "पर दुखलं तर लाथ बसंल, आधीच सांगतो. घटकाभर बसता आलं पायजे बगा. वडगावचं पावणं येणार हाईत. पोरगं सोन्यासारखं हाय, पर त्येचा बाप लई खडूस."

"कोण म्हणतंय?"

"सगळं वडगाव म्हणतंय की!"

किती मनमोकळे डॉक्टर, म्हणून मी खूश.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. करकर वाजणाऱ्या, गोंड्यांच्या अस्सल कोल्हापुरी. आले वडगावकर! मी आत्याबाईंना आवाज दिला. त्यांनी बाहेर येऊन तरणा चेहरा पाहिला आणि हाच नवरदेव, असं ठरवून पोह्यांची बशी पुढं केली. वन्सं चहाचा ट्रे घेऊन आल्या, मान वर केली, आणि पांढऱ्याफटक पडल्या. मुलगा बदलला होता! हा तो नव्हे, असं म्हणावं तर "तुला गं काय ठाऊक?" हा प्रश्न आलाच. पाय लटपटायला लागले, कप वाजायला लागले.

त्या गृहस्थानं वन्संच्या पायांकडे निरखून पाहिलं आणि परत एकदा चालून दाखवायला सांगितलं. कळ कुठून निघते, हेही विचारलं. आत्याबाई बिथरल्या. पोरगी रोज रंकाळ्यापर्यंत पायी जाऊन येते, पायात खोट काढायचं कारण नाही, असं त्यांनी ठणकावलं. त्यानं शांतपणे पिशवीतून डबी काढली. डबीत लांबच लांब सुया!

वन्सं ट्रे टाकून स्वयंपाकघरात पळाल्या आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागल्या. "वहिनी, ह्यो त्यो न्हवंच!"

मी दाराच्या फटीतून डोकावले, तर त्यांच्या हातात सुयांची डबी. हे सुयांचे डॉक्टर, तर आत कोण?

धावत गेले. बूटवाले पाहुणे मामंजींच्या कमरेत अंगठा रुतवून दाबत होते आणि मामंजी "हां, तितंच" म्हणत सुखावले होते.

"मामंजी," मी म्हटलं, "हे डॉक्टर न्हाईत."

मामंजींनी मान वळवली. पाहुणे म्हणाले, "त्यो खडूस बाप मीच."

संपलं! तिसरं स्थळही गेलं, असं वाटलं. पण पाहुण्यांचा अंगठा कमरेवरच होता. त्यांनाही हीच कळ होती. अंबाबाईच्या रांगेत उभं राहवेना, म्हणून बायकोला आणि मुलाला देवळात सोडून ते पुढं आले होते. बूट शहरात जायचं म्हणून नवे घेतलेले. आणि डॉक्टरांनी कोल्हापुरात आलो म्हणून चपला! पाहुण्यांनी अंगरखा उतरवला आणि आपल्यालाही सुया टोचायला सांगितलं. मी दुसरी खाट ओढली.

लग्नाची बोलणी फिसकटतात, कारण कुणीतरी रागानं उठून जातं. इथं दोघांच्या कमरेत सुया. डॉक्टरांनी हलू नका म्हणून दम दिलेला. मानपान, जेवणावळ, मुहूर्त, सगळं पालथ्यानंच ठरलं. आई-मुलगा देवळातून आले, तेव्हा दोन्ही व्याही उशीत तोंड खुपसून हसत होते. मुलाला बघून वन्संच्या पायांतली लटपट तिथल्या तिथं बरी झाली. सुईविना!

पुढं सुया बऱ्याचदा झाल्या, आणि मामंजी कन्यादानाला पाटावर मांडी घालून बसले. पण त्या दिवशी पाहुणे गेल्यावर आत्याबाईंनी मला समोर उभं केलं आणि स्वतःच्या हातानं माझा पदर कपाळापर्यंत मागं सारला.

"लग्नात पदर हितंच ठेव, पोरी," त्या म्हणाल्या. "न्हायतर पायताणं बघून भटजीलाच बोहल्यावर उभा करशील."