पडद्यावरची जांभई

लेकीच्या मुलाला कांजिण्या झाल्यात. आज त्याला गुलाबी लोशन लावताना तो ओळखीचा वास आला आणि मी सोलापुरातल्या सोनोग्राफीच्या खोलीत जाऊन पोचले.

ही लेक पोटात असताना तिसऱ्या महिन्यात मलाही कांजिण्या झाल्या होत्या. बाळाच्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यापासून घरात कुणी हसलं नव्हतं. पाचव्या महिन्यात पोटावर गार जेल लागलं. होटगीहून आलेल्या सासूबाई पडद्याकडे टक लावून उभ्या.

“डोकं, मेंदू, सगळं छान वाढतंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“व्हय? मग तोंड का वासलंय त्येनं?”

“जांभई देतंय, आजी.”

“बापावर गेलंय की! लई आळशी!”

आम्ही तिघी खदखदून हसलो. तेव्हा ती नुसती सुटका वाटली होती. आज वाटतं, माझी आणि लेकीची पहिली भेट अशी हसत हसत झाली.