नेलपॉलिशचा ठिपका

आमच्या ह्यांना माणसांपेक्षा स्क्रू जास्त कळतात, हे मी कुणालाही सांगते. त्यांच्या तोंडावर पण सांगते. मिरकरवाडा बंदरात रघू ड्रायव्हर म्हणून विचारा, कुणीही घर दाखवील. तीस वर्षं मासेमारीच्या लाँचीचं इंजिन सांभाळलं. पाठीचा मणका गेला तेव्हा घरी बसले. घरी बसलेला पुरुष म्हणजे डोक्याला ताप! पण हे गप बसणाऱ्यातले नव्हेत. माळ्यावरचा जुना वॉकमन काढला, उघडला, वाजवला, आणि तेव्हापासून भाट्याच्या आमच्या पडवीत नुसते वॉकमन. पुण्या-कोल्हापूरची कॉलेजची पोरं कुरियरनं पाठवतात. हातात मोबाइल असताना ही थेरं कशाला, देव जाणे. कुणाला आत ब्लूटूथ हवं, कुणाला वरून रंग. रंग होडीचाच, लाँच रंगवून उरलेला निळा नाहीतर भगवा. पोरांना तोच आवडतो.

ह्यांची एक रीत. कुठलाही स्क्रू फिरवायच्या आधी त्याच्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा, अर्धा स्क्रूवर, अर्धा बाजूच्या पत्र्यावर. काम बिघडलंच तर ठिपका जुळवायचा, मशीन होतं तसं. आणि नेलपॉलिश कुणाची? माझी! आमच्या भाचीच्या, हेतलच्या लग्नाला म्हणून घेतलेली. लावायला गेले तर तळाला चार थेंब. जळ्ळं मेलं! मी भांडले, नवी बाटली आणली आणि कुळथाच्या डब्यात लपवून ठेवली. "आता मारा ठिपके," म्हटलं.

त्याच आठवड्यात राजिवड्याहून ताजबीचाची आली. सत्तरी उलटलेली, हातात रुमालात बांधलेला वॉकमन.

"रघू, ह्याचा पट्टा तुटला बघ. तेवढा घाल रे बाबा."

चाचीचा नवरा हमझा कुवेतला होता. त्या काळी तिकडची माणसं पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची. गावचं कुणी सुट्टीवर आलं की घेऊन यायचं. ही त्याची शेवटची कॅसेट. ती पोचली आणि महिन्याभरात तो तिकडेच वारला. कबर पण तिकडेच. चाचीनं त्याची माती बघितली नाही. मग दर जुम्म्याला, नमाज झाली की, ती ही कॅसेट ऐकायची. बत्तीस वर्षं. मुलगा जुनेद म्हणाला, मोबाइलमध्ये उतरवून देतो, तर म्हणाली, "तुझा मोबाइल सतरा जणांच्या हातात फिरतो. नको."

ह्यांनी पट्टा घातला. वॉकमन वाजू लागला. तिथेच हात आवरायचा होता. पण नाही! "आवाज ओढतोय गं. खाऱ्या हवेनं मोटर मंदावलीय. चाचीनं इतकी वर्षं असाच ऐकला की काय?" म्हणाले. मोटरचा स्पीडचा स्क्रू फिरवायला बसले आणि बाटली शोधू लागले.

"अगं, बाटली कुठं ठेवलीस?"

"समुद्रात टाकली."

हे हसले, आणि खूण न करताच स्क्रू फिरवला. स्पीड अगदी बरोबर लावला. हे एवढे खूश, की मला पण ऐकवलं. "ताज, मागल्या दाराची कडी बसवलीस काय?" असं कायबाय बोलत होता बिचारा.

दुसऱ्या दिवशी चाचीनं कानाला लावलं, डोळे मिटले. थोड्या वेळानं काढून ठेवलं.

"रघू, हा कोण?"

"चाची, हमझाचाचाच की. आता बरोबर स्पीडला लावलाय. ते असेच बोलायचे."

"नाय रे. हा कोण पोरगा बोलतो. माझा हमझा सावकाश बोलतो, थांबून थांबून."

कॅसेट भरली तेव्हा तो चाळिशीतला असेल. ते तिला कसं सांगायचं? ह्यांचं तोंड उतरलं. "होता तसा करून देतो," म्हणाले.

चार दिवस रोज चाची रिक्षानं येऊन पडवीत बसली. हे स्क्रू केसभर फिरवायचे, ती ऐकायची. "अजून थोडा. हां... नाय, मागं घे." पुन्हा थोडा, पुन्हा मागं.

चौथ्या दिवशी तिनं वॉकमन रुमालात बांधला.

"ऱ्हाऊ दे, रघू. कालचा आवाज त्याचा वाटला, आजचा पण त्याचाच वाटतो. आता तो कसा बोलायचा तेच मला आठवेना."

आणि रडली. मोठ्यानं नाही. मग विचारलं, "तू तर खूण करतोस ना नेहमी? ह्याला का नाय केलीस?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "विसरलो, चाची," म्हणाले.

मी दारातच उभी होते. पदराला हात पुसत राहिले.

आता ह्यांच्या टेबलावर मीच दोन बाटल्या ठेवते. हे ठिपके देतात. त्या दिवसाबद्दल मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. जुनेदची बायको इरम बाजारात भेटली, म्हणाली, सासूबाई जुम्म्याला वॉकमन मांडीवर घेऊन बसतात, पण चालू करत नाहीत.

चाचीला खरं सांगायचं म्हणून मी दोनदा राजिवड्याच्या वाटेवर भाट्याच्या पुलापर्यंत गेले. दोन्ही वेळा परत आले.