सुवार्ता म्हणजे काय, हे ठरेपर्यंत

अभ्यासवर्ग चालवला की ज्ञान वाढतं म्हणतात. आमच्या नागभीडच्या ख्रिस्ती मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी वर्ग भरतो. ज्ञानाचं मला माहीत नाही, किस्से मात्र एवढे साठलेत की ठेवायला जागा नाही. मी या वर्गाचा चहाप्रमुख. रेल्वेतून रिटायर झालेल्या माणसाला चर्चमध्ये दुसरं काम कोण देणार? पण चहा देणाऱ्याला सगळं ऐकू येतं आणि त्याचं मत कोणी विचारत नाही. किस्से जमवायला याहून चांगली पोस्ट नाही.

वर्ग सुरू झाला तो प्रकाशमुळे. आमच्या लीलाबाईंचा हा मुलगा सागवानाच्या चोरीत सापडला आणि नागपूरच्या जेलात राहून आला. आल्यावर मंडळीसमोर उभा राहिला, चुकलो म्हणाला आणि मला प्रभुभोजनात घ्या अशी विनंती केली. प्रभुभोजन म्हणजे पाळकांच्या हातून मिळणारा भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. त्यात घेतलं तर माणूस मंडळीचा, नाही घेतलं तर शेवटच्या बाकावरचा पाहुणा. आपल्या जिवंतपणी पोरगा आपल्याशेजारी बसून ती भाकर खाईल, एवढीच लीलाबाईंची इच्छा.

कमिटीत निम्मे हो म्हणाले, निम्मे नाही. आमचे पाळकसाहेब स्वभावाने सावध. रेल्वेचं फाटक उघडं असलं तरी स्कूटरवरून उतरून दोन्हीकडे बघतात. त्यांनी तोडगा काढला. पहिल्या शतकातले प्रेषित, म्हणजे येशूचे पहिले प्रचारक, जिला सुवार्ता म्हणायचे, ती नेमकी काय होती याचा आधी अभ्यास करू, मग प्रकाशचं ठरवू. प्रकाश बरं म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, आठवड्याभराचं काम असेल!

* * *

पहिला मान डेव्हिड सरांचा. सर रिटायर हेडमास्तर आहेत आणि त्यांच्याकडे ग्रीक शब्दकोश आहे. दुसरी गोष्ट ते पहिलीच्या आधी सांगतात.

सरांनी समजावलं की हा शब्द मुळात दरबारी. रोमच्या सम्राटाचा वाढदिवस असो, विजय असो, नवा सम्राट गादीवर बसो, गावोगाव दवंडी पिटायची, तिला सुवार्ता म्हणायचे. ख्रिस्ती लोकांनी तोच शब्द उचलला. सम्राटाच्या शिपायांनी ज्याला क्रुसावर मारलं, तो मरणातून उठला आहे आणि तोच खरा राजा आहे, असं सांगत ते फिरले.

"सत्तेच्या तोंडावर सांगितलं, भाऊ! केवढी छाती पाहिजे!" सरांनी टेबलावर मूठ आपटली.

मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि वर्ग आटोपता घेतला. आमच्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. चौकातल्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या रांगेत सरांचा फोटो होता, आणि केक कापताना हजर राहणं भाग होतं.

* * *

पुढच्या वेळी विषय निघाला, येशूने सुरुवात कुठून केली? तर आपल्याच गावच्या सभास्थानात उठून त्याने जाहीर केलं की गरिबांना सुवार्ता आणि कैद्यांना सुटका. हे ऐकल्याबरोबर लीलाबाई सरसावून बसल्या.

ते मोहनभाऊंच्या लक्षात आलं. मोहनभाऊ धानाच्या मिलचे मालक आणि कमिटीतल्या नाहीवाल्यांचे म्होरके. ते म्हणाले, "बाई, ते आध्यात्मिक कैदी व्हय. नागपूरच्या जेलातले नाई."

बाईंनी विचारलं, मग गरीब? तेही आध्यात्मिकच. आंधळे? तेही. लंगडे? इथे मोहनभाऊ जरा अडखळले. त्यांचा गुडघा दुखतो आणि मागच्याच रविवारी त्यांनी सगळ्या मंडळीला त्यासाठी प्रार्थना करायला लावली होती.

बराच विचार करून असं ठरलं की लंगड्यांचं तेवढं शब्दशः घ्यायचं.

* * *

मग कुरखेड्याकडच्या एका छोट्या मंडळीने आम्हाला बोलावलं. गरिबांना सुवार्ता म्हणजे काय ते प्रत्यक्ष पाहू, म्हणून सगळे जीप करून गेलो. डेव्हिड सरांनी झाडाखाली भाषण केलं. सुवार्तेचे चार पैलू सांगितले, त्यातल्या दुसऱ्याचे पुन्हा तीन पोटभेद सांगितले. लोक शांत बसून होते. सर खूश झाले.

भाषण संपल्यावर एक आजोबा उठले आणि नम्रपणे विचारलं, "जी, बीपी पाहनाऱ्या बाई कोन्त्या?"

आमच्या सुलोचनाबाई रिटायर नर्स. त्यांनी गंमत म्हणून बीपीचं मशीन सोबत घेतलं होतं आणि ती बातमी गावात आमच्या आधी पोचली होती. लोक त्या मशीनसाठी बसले होते. परतताना जीपमध्ये सर म्हणाले की गावात आध्यात्मिक भूक प्रचंड आहे.

* * *

एका बुधवारी पेत्राचा किस्सा झाला. पेत्र म्हणजे प्रेषितांमधला मोठा माणूस. सुवार्ता सगळ्यांसाठी आहे म्हणून तो परक्या लोकांच्या पंगतीत बसून जेवायचा. पण यरुशलेमहून सोवळी मंडळी आली की हळूच ताट घेऊन बाजूला सरकायचा! पौल नावाच्या दुसऱ्या प्रेषिताने त्याला चारचौघांत झाडलं. कारण ज्या सुवार्तेत सगळे एका पंगतीला बसत नाहीत, ती सुवार्ताच नव्हे.

आम्ही पोट धरून हसलो. मोहनभाऊ तर डोळे पुसत म्हणाले, काय ढोंगी लोक असतात एकेक!

तेवढ्यात मी चहा आणला. खुर्च्या नेहमीप्रमाणे प्रकाशनेच लावल्या होत्या आणि तो बाहेर ओट्यावर बसला होता. त्याला आत बोलवू का, असं मी विचारलं. मोहनभाऊ म्हणाले, "राहू द्या, इथी गर्दी हाये." मी सगळ्यांना चहा दिला आणि उरलेल्या दोन कपांपैकी माझा एका रिकाम्या खुर्चीवर ठेवून प्रकाशचा बाहेर घेऊन गेलो. संताप आला होता, पण ट्रे हातात असला की माणसाला नीट संतापताही येत नाही.

* * *

सुलोचनाबाईंनी एकदा मुद्दा काढला. येशूची कबर रिकामी आहे ही पहिली बातमी बायकांनी आणली, आणि प्रेषितांनी ती बाष्कळ बडबड म्हणून उडवून लावली. म्हणजे पहिली सुवार्ता बायकांच्या तोंडून आली. मग आपल्या कमिटीत एकही बाई काऊन नाई?

पाळकसाहेबांनी दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाले की आज आपण प्रार्थनेने लवकर समाप्त करू.

* * *

धान कापून घरात आलं तरी सुवार्ता काही ठरेना. शेवटी एका रविवारी, प्रभुभोजनाच्या आधी, पाळकसाहेबांनी कमिटीचा निर्णय वाचला. अभ्यास अपूर्ण असल्याने प्रकाशने ईस्टरपर्यंत थांबावं. लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. प्रकाश शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसून राहिला. मला फार वाईट वाटलं.

आमच्याकडे प्रभुभोजनाची भाकर, म्हणजे खरं तर पावच, बाहेरून आणत नाहीत. पाळीपाळीने एकेका घरातून येते. बहुतेक वेळा ती अशी असते की श्रद्धा नसेल तर चाववणार नाही. पण त्या दिवशीची मऊ, खरपूस, जिभेवर ठेवताच विरघळणारी. सगळ्यांनी एकदमच तुकडा तोंडात घातला आणि शांततेत एक समाधानाचा हुंकार उमटला.

मोहनभाऊंना राहवलं नाही. मागे वळून, भरल्या तोंडाने त्यांनी विचारलं, "लीलाबाई, तुमची पाळी ना आज? कोन्या बेकरीतून आनली?"

"बेकरीतून नाई जी," लीलाबाई म्हणाल्या. "माह्या प्रकाशनं भाजली. जेलात शिकून आला तो."

सगळ्या चर्चचं चावणं थांबलं. मोहनभाऊंचा एक गाल फुगलेला तसाच राहिला. त्यांनी पाळकसाहेबांकडे बघितलं. मग सगळ्या कमिटीनेच बघितलं. पाळकसाहेबांच्याही तोंडात घास होता. या वेळी त्यांनी दोन्हीकडे बघितलं नाही. घास सावकाश चावून खाली उतरवला.

"गिळा, मोहनभाऊ," ते म्हणाले, आणि भाकरीचं ताट उचलून शेवटच्या बाकाकडे चालू लागले.