खाचेत न बसलेलं औषध

प्रयोगशाळेतली मुलं तिला दाई म्हणत. बावीस वर्षं ती उबेच्या कपाटातल्या बश्यांमधून पेशींना खाऊपिऊ घालत होती. मुलं शिकली, लग्नं करून पांगली, नवी आली. दाई आणि पेशी तिथेच राहिल्या.

धाकट्या भावाच्या फुफ्फुसात गाठ निघाली, तेव्हा तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पेशीच्या अंगावर एक प्रथिन असतं. बाहेरून वाढीचा निरोप आला की ते तो आत पोचवतं. भावाचं प्रथिन निरोपाची वाटच बघत नव्हतं. आपलं आपणच वाढ, वाढ करत सुटलं होतं. रोजच्या गोळीतलं औषध त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसलं आणि त्याचं तोंड बंद झालं. गाठ आक्रसली. भाऊ पुन्हा टेम्पो चालवू लागला. वर्षभराने खोकला परत आला.

गाठीचा तुकडा तपासायला तिच्याकडेच आला. डबीवर नाव नसतं, नुसता आकडा. पण त्या आठवड्यात डबी एकच होती. ती भावाचीच, हे तिने कुणाला सांगितलं नाही. सहा आठवडे तिने त्या पेशी वाढवल्या. छान वाढल्या. तुमच्या हातालाच गुण आहे, मुलं म्हणाली.

मग अर्ध्या पेशींना औषध दिलं, अर्ध्यांना नाही. निरोप चालू असेल तर तपासणीच्या फिल्मवर काळी पट्टी उमटते. औषध बसलं तर पुसट होते. दोन्हीकडे पट्ट्या सारख्याच काळ्या. खाचेतला एखादा तुकडा बदललेला दिसतोय, प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले, औषध आत शिरतच नाहीये.

आपण औषध घालायलाच विसरलो असू, असं तिला वाटलं. तसं वाटून बरंही वाटलं. बावीस वर्षांत ती एकदाही विसरली नव्हती, पण माणूस आहे, विसरतं. तिने टिपांचा, म्हणजे औषध सोडायच्या प्लास्टिकच्या टोकांचा, खोका काढला. दर बशीला नवी टीप, तीही खोक्यातून ओळीने उचलायची, ही तिची शिस्त. जितक्या बश्यांत औषध, तितकी भोकं रिकामी. तिने बोट ठेवून मोजली. बारा बश्या, बारा भोकं. पुन्हा मोजली.

शंका असेल तर प्रयोग परत लावू, सर म्हणाले, तीन आठवडे जातील.

ती फिल्मकडे बघत राहिली. तीन आठवडे कुणालाच काही सांगावं लागलं नसतं. तीन आठवडे भाऊ तीच गोळी घेत राहिला असता.

“शंका नाही,” ती म्हणाली आणि अहवालावर सही केली.

कागद उद्या डॉक्टरांकडे जाणार होता. सांगायचं ते डॉक्टरांनी, असा नियम.

संध्याकाळी ती भावाकडे गेली. तो खुर्चीत बसून खोकत होता. वहिनी गोळीचं पाकीट शोधत होती.

“ताई, तुझ्या पेशी तुझं सगळं ऐकतात म्हणे,” तो म्हणाला. “माझ्यांना पण जरा दम दे की.”

“देते,” ती म्हणाली.

वहिनीला पाकीट सापडलं. त्याने गोळी जिभेवर ठेवली आणि हात पुढे केला. दाईने पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला.