सदाला न दिसणारा लाल

गेल्या महिन्यात एका सकाळी चहा गाळत होतो, तेव्हा फोन आला. सदाचा मुलगा बोलत होता. एरवी तो माझ्याशी घरच्या मराठीत बोलतो, त्या दिवशी मात्र त्याला हिंदीच सुचली. "काका, बाबा नहीं रहे..." एवढंच तो म्हणाला. सदाशिव, माझा कॉलेजातला जोडीदार, झोपेतच गेला होता. दुर्गला पोचलो तर अंगणात माणसं मावत नव्हती. बहुतेक त्याचे शाळेतले विद्यार्थी, आता स्वतःच नातवंडांचे आजोबा. त्यातल्या एकाने विचारलं, "सर शुरू से ही इतने सीधे थे क्या?" मी नुसती मान हलवली. खरं उत्तर लांबलचक होतं, आणि ती वेळ नव्हती.

आम्ही बी.एस्सी.ला होतो तेव्हा भिलाईत स्टील प्लांटचं बांधकाम धडाक्यात चाललेलं. माझे वडील त्याच कामावर, आम्ही प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये. सदाचे वडील मालगाडीचे ड्रायव्हर, नागपूरकडून बदलून आलेले, राहायला रेल्वेच्या क्वार्टरात. पावर हाउस स्टेशनहून पॅसेंजर पकडून आम्ही दोघं दुर्गच्या कॉलेजात जायचो. केमिस्ट्री मला अजिबात उमगत नसे. गाडीत बसायला जागा मिळो न मिळो, सदा मला समीकरणं समजावायचा. "पाठ नको करू बे, परभ्या. कोण काय देऊन राहिला अन् कोण घेऊन राहिला, तेवढं पाह्य." त्याच्या या एका वाक्यावर मी दोन वर्षं तरलो. प्रॅक्टिकलला मात्र उलटं व्हायचं. तिथे माझा हात बसलेला, आणि एवढा हुशार सदा बर्नरपाशी आला की घामाघूम. क्षार तारेवर घेऊन ज्योतीत धरायचा, ज्योतीला रंग येतो, त्यावरून धातू ओळखायचा... तो हळूच माझ्याकडे बघायचा आणि मी सांगेन तो रंग लिहायचा. मला वाटे, आळस करतो.

एकदा संध्याकाळी परत येताना प्लांटच्या बाजूला, नुकत्याच पेटलेल्या भट्टीतला वितळलेला मळ ओतला गेला आणि अर्धं आभाळ पेटल्यासारखं झालं. डब्यातली सगळी माणसं खिडक्यांशी धावली. "कैसा लाल हो गया!" म्हणून बायका पोरांना दाखवू लागल्या. सदाही बघत होता. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "लाल म्हंजे काय बे? मले तं उजेड दिसते फक्त."

मी हसलो. तो हसला नाही.

त्या दिवसापासून आमचं काम बदललं. नुसते रंग सांगून भागणार नव्हतं. परीक्षेत मी त्याच्या शेजारी असेनच असं थोडंच होतं. ज्योतीत बेरियम हिरवं, स्ट्रॉन्शियम लाल, आणि सदाला दोन्ही सारखीच. मग ज्योत सोडून द्यायची आणि नळीच्या तळाशी बसणाऱ्या साक्याच्या, म्हणजे गाळाच्या, रंगावरून धातू पकडायचा, असं आम्ही ठरवलं. पिवळा रंग त्याला नीट दिसे, पांढराही. लॅब उघडली रे उघडली की आम्ही आत. मी त्याला क्षार न सांगता द्यायचो, तो शोधून काढायचा. हळूहळू त्याचं चुकणं थांबलं. मला वाटलं, संकट टळलं.

पण खरं संकट त्याच्या घरी होतं. त्याच्या बाबांनी ठरवून टाकलं होतं की पोरगा रेल्वेत जाणार, इंजिनावर. त्यासाठी डोळ्यांची तपासणी असते. रंगीत ठिपक्यांच्या गोलात लपलेले आकडे वाचून दाखवावे लागतात. बाबांना मुलाची नजर ठाऊक नव्हती असं नाही. "थोडा गोंधळते तो, सरावाने येते," असं ते म्हणत. कुठून तरी त्यांनी त्या ठिपक्यांच्या पानांचा जुना संच आणला आणि मला बोलावून घेतलं. "तू त्याचा दोस्त ना? मंग करून घे पाठ." ज्या सदाने मला कधी काही पाठ करू दिलं नाही, तो ठिपक्यांची ठेवण बघून आकडे पाठ करू लागला. पानं कशीही पिसून दिली तरी बरोबर सांगू लागला. एका दुपारी सगळी पानं अचूक सांगून झाली, तेव्हा मी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याने पानं उलटी करून ठेवली.

"परभ्या... मी पास होईन ना रे. मंग इंजिनावर सिग्नल कसे पाठ करू?" तो म्हणाला. लोक नापास होण्याला भितात, तसा तो हे म्हणाला.

"बाबाले सांग मंग," मी म्हटलं.

"कोणत्या तोंडानं सांगू? कॉलनीभर सांगून बसले ते."

प्रॅक्टिकलची परीक्षा आली. बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. टेबलाटेबलाशी उभे राहून उलटतपासणी घेत. रेल्वे कॉलनीतली काही मुलं आमच्याच बॅचला होती. सदाचं टेबल माझ्या समोरच. त्याने शांतपणे क्षार विरघळवला, एकेक नळी लावली, आणि त्याचे खांदे सैल पडले त्यावरून मला कळलं की त्याला उत्तर सापडलंय. परीक्षक आले. "क्या निकला?"

"बेरियम, सर."

"फ्लेम दिखाओ. मेरे सामने. रंग बोलो."

माझ्या हातातली नळी तशीच राहिली. 'हिरवा' एवढं म्हटलं की सुटला. बेरियम निघालंय म्हणजे ज्योत हिरवी, हे त्याला पाठ होतं. त्याने तार ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली, सगळ्यांनी पाहिली. सदा तिच्याकडे बघत राहिला... इतका वेळ, की मला ओरडून सांगावंसं वाटलं.

"सर, मुझे लाल और हरा अलग नहीं दिखता," तो म्हणाला. आवाज मागच्या टेबलापर्यंत गेला. "जनम से."

कॉलनीतल्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. परीक्षकांनी चष्मा काढला. "तो बेरियम कैसे बोला?" सदाने नळी पुढे केली, पिवळा साका दाखवला, स्ट्रॉन्शियम असतं तर तो का बसला नसता हे सांगितलं. परीक्षक ऐकत राहिले, मग "ठीक है" म्हणून पुढच्या टेबलाकडे वळले. सदाने बर्नर बंद केला आणि तार पुसून ठेवली.

कॉलनीतली मुलं आधीच्या गाडीने गेली. आम्ही पोचायच्या आधी बातमी पोचली होती. बाबा स्टेशनातच उभे. मला वाटलं, आता इथेच हात उगारतात. त्यांनी सदाचं मनगट धरलं आणि त्याला ओढत फलाटाच्या टोकाशी नेलं. मी मागोमाग. दिवेलागण झाली होती. त्यांनी सिग्नलकडे बोट केलं. "सांग. कोणता आहे?"

"दिवसा दांडी वर-खाली दिसते, बाबा. अंधारात दिवा दिसते फक्त."

"कावून बोलला सगळ्यांसमोर? तुले घरी सांगता नाही आलं?"

"घरी सांगतलं असतं तं तुमी आयकलं असतं?"

बाबांनी सिग्नलकडे पाहिलं. सारा जन्म त्यांनी त्या दिव्यांवर भरवसा ठेवला होता. शेवटी त्यांनी मनगट सोडलं. "चाल घरी. माय वाट पाहून राहिली." एवढंच. पुढे कित्येक महिने ते त्याच्याशी मोजकंच बोलत. पण सदाला शाळेत केमिस्ट्री शिकवायची नोकरी लागली, त्या दिवशी सिविक सेंटरच्या बाजारातून पेढे आणून कॉलनीत त्यांनीच वाटले.

तेराव्यानंतर मी वहिनींना भेटायला पुन्हा दुर्गला गेलो. त्या स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. ओट्यावर दोन टोपल्या होत्या. एकीत हिरवे, कच्चे टमाटे, दुसरीत लाल, पिकलेले. लग्न झाल्यापासून त्या तसेच निवडून ठेवत, म्हणजे सदाला दाबून बघावं लागू नये. मी टोपल्यांकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"आता कोण घोटाळा करणार आहे," त्या म्हणाल्या, "पण हात आपोआप जाते, भाऊजी."

निघताना त्यांनी दुसऱ्या टोपलीतले चार टमाटे माझ्या पिशवीत टाकले. "पिकलेलेच आहेत," त्या म्हणाल्या. "दाबून पाहा नाही लागत."