बिनमिठाचं पातेलं

समजा, तुमच्यापुढे टोपलीभर पिकलेले टोमॅटो आहेत. उकळत्या पाण्यातून काढायचे, सालं सोलायची, फोडी शिजवायच्या, रस आटला की गरमागरम बाटल्यांत भरायचा. सोपं आहे. आता समजा, तुम्हाला वास येत नाही आणि चवही कळत नाही. मीठ किती घालाल?

गल्लीतले कपडे शिवणाऱ्या शिंपीणकाकूंचं गेल्या वर्षी असंच झालं. मोठा ताप आला आणि जाताना नाक-जीभ दोन्ही घेऊन गेला. हात मात्र शाबूत होता. रस आटला का, हे त्या आवाजावरून ओळखत: पातळ असताना बुडबुड, घट्ट झाला की थपथप. पण मिठाला आवाज नसतो.

म्हणून चव बघायचं काम काकांकडे आलं. काका घड्याळं दुरुस्त करत, सेकंदाची चूक खपवून घेत नसत. पण चमचा पुढे केला की एकच उत्तर: "फक्कड!"

यंदा अंगणातली रोपं लगडली होती. गल्लीत बाटल्या वाटायच्या, तर चव भरवशाची हवी. काकूंनी मुद्दाम बिनमिठाचा चमचा पुढे केला.

"फक्कड!"

"मीठ?"

"अगदी बेतात."

"अहो, मी घातलंच नाहीये!"

काका घाईघाईने घड्याळं बघायचं भिंग पुसायला लागले.

काकूंनी मग नणंदेला बोलावलं. तिच्या जिभेला हाड नव्हतं. लग्नापासून काकूंचा एकही पदार्थ तिने नावं न ठेवता खाल्ला नव्हता.

"वन्सं, जरा चाखा."

"शी! अळणी! मीठ महागलंय का?"

काकूंचा चेहरा खुलला. आज पहिल्यांदाच नणंदेचं बोलणं त्यांना गोड लागलं. त्या चिमटीने मीठ टाकू लागल्या.

"अजून. अगं, कंजूषपणा कशाला? अजून जरा... बस्स! आता खारट करशील."

बाटल्या भरल्या, झाकणं आवळली. आपली बाटली पिशवीत घालताना नणंद म्हणाली, "मागच्या हिवाळ्यात एक तरी दिलीस का गं मला?"

"द्यायची होती, वन्सं. पण हे कुणाला देऊच देईनात. सगळ्या एकट्याने संपवल्या."

बोलता बोलता काकू थांबल्या. काका पुन्हा भिंग पुसत होते.

"अहो," काकू म्हणाल्या, "आता तरी खरं सांगा. त्या बाटल्या कशा झाल्या होत्या?"