थेंबाताईंच्या बिनचिठ्ठीच्या कुप्या

थेंबाताईंशी माझी ओळख भांडणातून झाली. मी ज्या धुलाईघरात इस्त्रीचे काम करीत असे, त्याच्या बरोबर खाली त्यांचे अत्तराचे दुकान होते. जिना दोघांना मिळून एकच. खालचा वास त्या जिन्याने वर चढे आणि आमच्या वाफाळलेल्या कपड्यांत शिरून बसे. एके दिवशी एका गिऱ्हाइकाने इस्त्री केलेले सदरे माझ्यापुढे आपटले आणि तो म्हणाला, "माझ्या बायकोनं मला दारातच अडवलं. कुठं जाऊन आलात, असं विचारते." मी तशीच तणतणत खाली उतरले, त्यांच्या काउंटरवर हात आपटला आणि म्हणाले, "तुमचा वास तुमच्यापाशीच ठेवा."

ताईंनी माझा तो आपटलेला हात उचलला, मनगट उलटे केले आणि त्यावर आपला गाल टेकवला. ना ओळख ना पाळख, आणि ही बाई माझ्या मनगटावर गाल टेकवून डोळे मिटून उभी!

"केवढं गरम आहे हो मावशी तुमचं मनगट!" त्या म्हणाल्या. "दिवसभर इस्त्रीपाशी असता ना? उद्यापासून माझं तेल तुम्ही लावायचं."

भांडायला गेलेली मी अशा रीतीने कामाला लागून परत आले.

त्यांच्या घराण्यात एक रीत होती. कोणतेही तेल दुसऱ्याच्या अंगावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत राहिल्याशिवाय विकायचे नाही. बनवणाऱ्याचे अंग त्या वासाला सरावलेले असते, म्हणून ते खोटी साक्ष देते, असे त्यांचे वडील सांगत असत. गरम अंगावर तेल लवकर उलगडते. दुसऱ्या कोणाच्या मनगटावर जे दुपारी समजेल, ते माझ्या मनगटावर चहाच्या वेळेलाच समजे.

थेंबाताई हे नाव त्यांना गल्लीने दिले होते. त्या सगळेच थेंबाने मोजत. चहात दूध थेंबभर, बोलणे थेंबभर आणि हसणे तर त्याहूनही कमी. काउंटरवर त्यांची भावजय बसे. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणत असे. ती मात्र घागरीने बोलत असे.

पहिल्या दिवशी संध्याकाळी ताईंनी विचारले, "कसं होतं?"

"छान," मी म्हणाले.

"छान हा वास नाही, मावशी. काय दिसलं ते सांगा."

वासात काही दिसते, हे मी त्या दिवशी प्रथमच ऐकले. मी आठवून आठवून सांगितले. सकाळी हिरवी शेंग मटकन मोडावी तसे वाटले. वाफ लागल्यावर मध झाला. आणि आता बंद कपाटात ठेवलेल्या कागदांसारखे वाटते.

"गुलाब आहे," त्या म्हणाल्या.

मी हादरले. गुलाबाचा वास गुलाबासारखा, एवढीच माझी आजवरची समजूत होती. त्या फुलाच्या पोटात शेंग आणि कागद आहेत, हे मला कोणीच सांगितले नव्हते.

पुढच्या खेपेचे तेल लावले आणि मी धावतच खाली आले. "ताई, चपलांच्या दुकानाला आग लागली आहे आणि मी आत अडकले आहे!"

वहिनी खो खो हसली. "त्यालाच सगळ्यात जास्त मागणी आहे, मावशी. पुरुष लावतात."

"जाणूनबुजून?"

"पैसे मोजून!"

वाळ्याचे तेल मला मानवले. नव्या माठातले पाणी तोंडाशी न्यावे तसा त्याचा गारवा होता, आणि इस्त्रीच्या तापात तो दिवसभर टिकला. एका तेलाने मात्र माझी पुरती फजिती केली. सकाळी ते बोकडासारखे उग्र होते. शेजारच्या बायका टेबल सोडून लांब सरकल्या, मुकादमाने खिडकी उघडली आणि मला ऐकू जाईल अशा बेताने विचारले, "कोण मेलंय इथं?" मी ते पुसून टाकणारच होते, पण कामाच्या घाईत राहून गेले. संध्याकाळी कपाळावरचा घाम पुसायला हात वर नेला, तर मनगटाला झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या टाळूचा वास येत होता. मी इस्त्री उभी करून ठेवली आणि खाली बसले. एकाच थेंबात बोकड आणि बाळ कसे राहू शकतात? या धक्क्यातून मी अजून बाहेर आलेले नाही.

या दुकानातली आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मागच्या खोलीत फळ्यांवर साऱ्या कुप्या ओळीने असत. काच एकाच रंगाची, बूच एकाच जातीचे, आणि कोणत्याही कुपीवर चिठ्ठी नाही. मला तेव्हा अक्षर येत नव्हते, म्हणून मला त्यात काही वावगे वाटले नाही. पण एकदा वहिनीनेच तो विषय काढला, तेव्हा ताई म्हणाल्या, "चिठ्ठी तेलानं गळून पडते. आणि चिठ्ठी असली की नाक आळशी होतं." त्या बूच काढत, एकदा हुंगत आणि हवी ती कुपी उचलत. त्यात चूक झालेली कोणीच पाहिली नव्हती.

दुकानाची जागा त्यांच्या भावाच्या नावावर होती. त्याला तिथे कारखान्यातले तयार सुगंधी फवारे विकायचे होते. "ताईचं नाक चालतंय तोवर दुकान ताईचं," असे तो माझ्यादेखत म्हणाला होता. "नंतर मात्र मला अडवायचं नाही." ताईंनी मान हलवली होती. त्यांना मूलबाळ नव्हते, दुसरे काही कामही येत नव्हते. ती मागची खोली हाच त्यांचा संसार होता.

एका हिवाळ्यात त्यांना मोठा ताप आला. त्यातून त्या उठल्या आणि पुन्हा दुकानात बसू लागल्या. त्यानंतर त्या मला फार प्रश्न विचारू लागल्या. आधी काय आलं? मग काय आलं? कडू की तुरट? ओलं की कोरडं? जिने मला एका वाक्यात वाटेला लावले असते, ती बाई आता माझ्यापुढे स्टूल ओढून बसू लागली. माझी पारख वाढली म्हणून मला हा मान मिळतो आहे, असे मी समजले आणि मनातून फुलून गेले.

उन्हाळा लागता लागता एका सकाळी त्यांनी माझ्या मनगटावर थेंब ठेवला. या खेपेला नाव त्यांनी आपणहून सांगितले. "गुलाबाचं नवं तेल काढलंय. जुन्याशी जुळतं का तेवढं बघा."

मी हात नाकाशी नेला. चपलांचे दुकान जळत होते.

माझेच नाक बिघडले, दुसरे काय असणार! मी वर धावले. खळीचे पातेले हुंगले, साबण हुंगला, ओला लोकरी कोट हुंगला. प्रत्येकाचा वास जागच्या जागी होता. मी पुन्हा खाली आले आणि ताईंपुढे मनगट धरले. "ताई, तुम्हीच एकदा बघा बरं."

त्यांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले, वाकून दीर्घ श्वास घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "गुलाब. थोडा हिरवा आहे अजून."

मी मनगट पुन्हा नाकाशी नेले. त्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या आणि त्यांचाही चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"काय आहे ते?" त्यांनी अगदी हळू विचारले.

"जळकं चामडं, ताई."

त्या भिंतीला टेकून म्हणाल्या, "ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला."

"तेव्हापासून? कोणाला सांगितलंत?"

"तुम्हाला. आत्ता."

मग त्या बोलल्या, आणि थेंबाथेंबाने बोलल्या नाहीत. कोणती कुपी कोणत्या फळीवर कितवी, हे त्यांच्या हाताला इतके पाठ होते, की त्या फळीकडे बघतही नसत. त्या जागेच्या भरवशावर त्यांनी इतके महिने निभावले होते. हुंगायचे ते केवळ सवयीने, आणि लोकांना दिसावे म्हणून. "आणि संध्याकाळी तुम्ही बोलायच्या ना मावशी, शेंग काय, माठ काय, तेव्हा मला क्षणभर वास यायचा. खोटं नाही सांगत. यायचा." माझ्या पारखीला मिळालेला मान म्हणून मी जे मिरवत होते, ते या बाईचे उसने नाक होते.

"पण मग आज चूक कशी झाली?"

आम्ही दोघींनी एकदमच फळ्यांकडे पाहिले. आदल्या दिवशी वहिनीने मागची खोली झाडून पुसून काढली होती. कुप्या तिने पुन्हा लावल्या होत्या, पण त्या उंचीप्रमाणे. लहान पुढे, मोठ्या मागे, जशी शाळेतल्या पोरांची रांग.

तेवढ्यात बाहेरून घड्याळजींचा आवाज आला. समोरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचे ते मालक. वाळ्याशिवाय दुसरे काही लावत नसत. सकाळीच ताईंनी आतून काढून दिलेली कुपी घेऊन गेले होते. "वहिनी, हे काय दिलंत मला? गिऱ्हाईक दारातूनच परत फिरतंय! मी आत मरून पडलोय असं वाटतंय त्यांना!"

"बोकड," मी पुटपुटले. ताईंनी तोंडात पदर कोंबला. त्या रडत आहेत असे मला वाटले, पण खांदे हलत होते ते हसण्याने. ताईंना असे हसताना मी त्यापूर्वी कधीच पाहिले नव्हते. त्या दिवशी माझ्या वाट्याला आलेल्या धक्क्यांत हाही एक धरते.

वहिनीने घड्याळजींना कसेबसे वाटेला लावले. इकडे ताईंनी माझा हात घट्ट धरला. "भावाला कळायच्या आत सगळ्या ओळखून द्या, मावशी. तुम्ही सगळी लावली आहेत."

ती सगळी मी लावली होती, हे खरे. पण बूच काढून हुंगून मला काय कळणार? मला ती तेले ओळखता येत, ती अंगावर तापल्यावर. म्हणून मी वर गेले आणि दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत थेंबांची ओळ लावून इस्त्रीपाशी उभी राहिले. ताई कुप्या घेऊन माझ्या मागे जमिनीवर बसल्या. मी वाफेत हात धरायची, हुंगायची आणि सांगायची, "हा माठ. ही शेंग. हे बाळ होतंय, थांबा." त्या त्या कुपीच्या गळ्याला ताई रंगीत दोरा बांधत. सगळे वास एकमेकांत मिसळून माझे डोके भणभणले. मुकादम येऊन पाहून गेला आणि त्याने सगळ्या खिडक्या उघडल्या.

दोरे संपत आले होते, तेव्हा दारात वहिनी उभी दिसली.

"झाल्या का ओळखून?" तिने विचारले.

ताई खाली मान घालून म्हणाल्या, "काय ओळखून?"

"वन्सं, पुरे आता. तापानंतर तुम्ही अंगाला किती तेल थापता, ते तुम्हाला ठाऊक आहे का? तुम्ही जिन्यात यायच्या आधी तुमचं अत्तर येतं. तीन-तीन जातींचं, एकावर एक. पोरं नाक धरून पळतात. तुम्हाला वास येतच नाही, म्हणून तुम्ही आणखी लावता. मला कधीच कळलं होतं."

"मग कुप्या..."

"मुद्दाम लावल्या उंचीनं. म्हटलं, आता तरी माझ्याकडे याल. म्हणाल, अगं, मला मदत कर. तर तुम्ही आलात इथं, इस्त्रीवाल्या मावशींकडे!" एवढे बोलून घागरीने बोलणारी ती बाई हमसून हमसून रडू लागली.

मी दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिले. जिने दुकान बुडवायला निघाल्यासारखे कृत्य केले, तिला केवळ विश्वासात घेतले जाणे हवे होते. हे माझ्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला. ताई उठल्या आणि भावजयीला जवळ घेणार इतक्यात थबकल्या. स्वतःच्या बाहीकडे पाहून म्हणाल्या, "नको. तुला त्रास होईल."

"आता कसला त्रास, वन्सं!" वहिनी म्हणाली आणि तीच पुढे झाली.

त्याच संध्याकाळी ताईंनी भावाला सगळे स्वतःच्या तोंडाने सांगितले. वहिनी त्यांच्या शेजारी उभी होती. मीही होते. त्याने एक कुपी उचलली, बूच काढले आणि ती बहिणीपुढे धरली. "हे कोणतं?"

ताईंनी हुंगल्याचे सोंग केले नाही. त्यांनी दोरा पाहिला. "हिरवा दोरा. वाळा."

त्याने हुंगून पाहिले. "दुकान असू दे," तो शेवटी म्हणाला. "पण नवं काही बनवायचं नाही. जुनीच तेलं, जुन्याच मापानं. आणि मावशींनी लावल्याशिवाय एकही बाहेर जायचं नाही."

दुकान वाचले. पण "नवं काही बनवायचं नाही" हे ऐकताना ताईंचे डोळे मी पाहिले होते, म्हणून मला आनंद होऊ शकला नाही. त्यानंतर त्यांनी खरोखरच नवे तेल बनवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर आले, तर जिन्याच्या पायथ्याशी एक बाई उभी होती. मी तिला ओलांडून दोन पायऱ्या चढले आणि मगच दचकून मागे वळले. त्या थेंबाताई होत्या. त्यांच्या अंगाला कसलाच वास नव्हता. इतक्या वर्षांत मी त्यांना अशी कधी भेटलेच नव्हते, म्हणून मी ओळखले नाही. त्या अंग चोरून उभ्या होत्या, जणू कपडे घालायला विसरून बाहेर आल्या आहेत. मग त्यांनी माझ्याकडे एक मागणे केले.

"मावशी, रोज वर जाताना इथं जरा थांबत जा. माझ्या अंगाला कसला वास येतोय, ते मला सांगत जा. घामाचा असला, तरी सांगा."